सांगलीत रिकाम्या गुंठ्यावर किंवा परसात घर : बांधकाम परवान्यासाठी काय लागतं

गावभागात वाड्यामागचं परसू रिकामं असतं, शामरावनगरच्या बाजूला दोन घरांच्या मधला गुंठाभर प्लॉट गवतात बुडालेला असतो. पाणी, गटार, रस्ता दारात आलेलं असताना अशा जागेवर घर बांधणं हे शहराबाहेर नवा प्लॉट घेण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचं. पण नकाशा काढायला टाकण्याआधी मालकी आणि पूररेषा या दोन गोष्टींचा निकाल लावून घ्या. बहुतेक फाइली इथेच अडकतात.

आधी मालकी. सिटी सर्व्हे हद्दीत मालमत्ता पत्रक, बाहेर सातबारा. अर्जाच्या तारखेआधी सहा महिन्यांच्या आतला. पत्रकावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी वारसनोंद करून फेरफार मंजूर करून घ्या. भावंडांची नावं सामाईक असतील तर सगळ्यांची संमती किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र लागतं. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही आणि जुनं बांधकाम अधिकृत होतं हेही सिद्ध करत नाही. ती जोडली म्हणजे काम झालं, या समजुतीपायी लोकांचे महिने वाया जातात. गुंठेवारीतला प्लॉट (मंजूर रेखांकनाशिवाय गुंठ्यागुंठ्यांत विकलेली जमीन) असेल तर २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाखालचं नियमितीकरण प्रमाणपत्र पहिलं. ते नसेल तर पुढचा अर्ज करण्यात अर्थ नाही.

मग भूमी अभिलेखकडून मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, घ्या. कागदावरचं आणि जागेवरचं क्षेत्र वेगळं निघालं तर कमी असेल ते धरतात. सोबत नगररचना विभागातून झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातला त्या जागेचा तुकडा) काढा. जुन्या गल्लीत रस्तारुंदीची रेषा प्लॉटमधून जात असेल तर ती इथेच दिसते.

आता पूररेषा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. पाटबंधारे विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो : नदीजवळची निळी आणि तिच्यापलीकडे, त्याहून मोठ्या पण क्वचित येणाऱ्या पुराची लाल. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार (२०२०) नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात नवं घर बांधता येत नाही. तिथे फक्त आधीच्या अधिकृत मिळकतीचा पुनर्विकास होऊ शकतो, तोही पाटबंधारे विभागाच्या ना हरकत दाखल्यावर आणि लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर. निळी ते लाल या पट्ट्यात नवं बांधकाम चालतं, पण उंचीची अट तीच.

ही ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, कशापासून मोजायची यात हमखास चूक होते. भिंतीवर २०१९ च्या गाळाची तपकिरी खूण असते. मिस्त्री तिच्यावर दीड फूट धरून जोता बांधतो. ती खूण म्हणजे लाल रेषा नव्हे. लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये दिलेली असते. ती पाटबंधारे विभागाकडून लेखी घ्या, सर्व्हेअरकडून लेव्हल मशीनने बेंचमार्कवरून (जवळच्या, उंची माहीत असलेल्या सरकारी खुणेवरून) प्लॉटवर आणून घ्या आणि नकाशात जोत्याची पातळी त्याच आकड्यात लिहायला लावा. लाल रेषा जमिनीपासून दोन-अडीच मीटर वर निघाली तर तळमजल्यावर खोल्यांचा हट्ट सोडा. खाली खांबांवर पार्किंग ठेवून राहणं पहिल्या मजल्यापासून सुरू करा.

अर्ज महापालिकेकडे परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंत्यामार्फत ऑनलाइन जातो. १५० चौ. मी.पर्यंतच्या प्लॉटला कमी जोखमीचा मार्ग आहे : नकाशे, दाखले, शुल्क भरलं की पावती हाच परवाना. १५० ते ३०० चौ. मी.साठी १० दिवसांत परवानगी द्यायची तरतूद आहे. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौ. मी., तेव्हा तो पहिल्या मार्गात बसतो. दीड गुंठा मात्र १५१.७६ होतो आणि पावणेदोन चौ. मी.साठी दुसऱ्या मार्गात जातो. पावतीचा परवाना मिळाला म्हणून नियमाबाहेरचं बांधकाम नियमित होत नाही; नकाशा चुकला तर जबाबदारी मालकाची आणि सही करणाऱ्याची.

विकास आराखड्यात 'दाट वस्ती' म्हणून दाखवलेल्या जुन्या भागाबाहेर मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) १.१०, म्हणजे एका गुंठ्यावर साधारण १११ चौ. मी. अधिमूल्य (प्रीमियम) भरून त्यावर ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळतं. दाट वस्तीसाठी वेगळा तक्ता आहे. शेजाऱ्याच्या हद्दीला चिकटून भिंत घेतलीत तर त्या भिंतीत खिडकी ठेवता येत नाही, म्हणून उजेडाची सोय चौकातून किंवा मागच्या अंगणातून आधीच आखा.

जुन्या घरावर मजला चढवायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र जोडावं लागतं. पांढऱ्या मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकू नका, कितीही जाड असल्या तरी. पुरात त्या पाणी पितात आणि ओसरल्यावर खचतात. तिथे पायापासून वेगळे कॉलम घेणं हाच मार्ग.

खर्चात विकास शुल्क (रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरावर), छाननी शुल्क आणि बांधकाम कामगार उपकर १ टक्का धरा. स्वतःच्या राहत्या घराचा बांधकाम खर्च ५० लाखांपेक्षा जास्त नसेल तर हा उपकर लागत नाही (२०२५ पर्यंत ही मर्यादा १० लाख होती).

परवाना एकूण चार वर्षांपर्यंत चालतो, पण दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागते. जोता झाला की काम थांबवून जोत्याची तपासणी करून घ्या, भिंती उठल्यावर नाही. पूरपट्ट्यात तर पातळी तेव्हाच तपासून घ्यावी; नंतर वाढवायची म्हणजे तोडफोड. काम पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र (घरात राहायला परवानगी देणारं) घ्या आणि त्याची प्रत जोडून नव्या मजल्याची घरपट्टी आकारणी करून घ्या.