ट्रीवर दिवे का लावतात? माळ घेण्याआधी एवढं वाचाच

नाताळ जवळ आला की दुकानात रोज कुणीतरी विचारतंच, ट्रीला रंगीत माळ घेऊ की वॉर्म व्हाइट? आम्ही वॉर्म व्हाइटच सांगतो, कारण ती पिवळसर असते, मेणबत्तीच्या उजेडासारखी, आणि ट्रीवर आधी मेणबत्त्याच असायच्या.

ही पद्धत जर्मनीतली. तिकडे 24 डिसेंबर म्हणजे आदाम-हव्वेचा दिवस, त्या दिवशीच्या नाटकात हिरव्या झाडाला सफरचंदं टांगायचे, ते दोघं राहायचे त्या एदेन बागेतलं झाड म्हणून. मेणबत्त्या नंतर आल्या. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्युथरला रात्री झाडांच्या फांद्यांमधून चांदण्या लुकलुकताना दिसल्या आणि त्याने घरी मुलांसाठी झाडावर मेणबत्त्या लावल्या असं सांगतात, ती दंतकथाच आहे पण आम्हाला फार आवडते. "मी जगाचा प्रकाश आहे" हे येशूचं वचन आणि तिकडच्या डिसेंबरातल्या लांबच लांब काळोख्या रात्री, हे दोन्ही त्या दिव्यांत आलं. टोकावरची चांदणी बेथलेहेमची, येशूच्या जन्माच्या वेळी दिसली असं सांगतात ती.

आईवडील बंद खोलीत मेणबत्त्या लावायचे, मग छोटी घंटा वाजायची आणि तेव्हाच मुलांना आत सोडायचे. शेजारी पाण्याची बादली आणि काठीला बांधलेला ओला स्पंज, कारण वाळलेलं झाड भडकायला वेळ लागत नाही, त्यामुळे मेणबत्त्या थोडाच वेळ पेटवायच्या आणि सगळ्यांनी बसून बघायच्या.

विजेचे दिवे 1882 ला आले. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन, त्याने न्यूयॉर्कला आपल्या घरात लाल, पांढरे, निळे असे 80 बल्ब ट्रीवर लावले आणि झाडसुद्धा विजेवर गोल फिरत होतं! पुढे 1890 च्या दशकात व्हाइट हाउसच्या ट्रीवरही बल्ब आले.

आपल्याकडे बरेच जण सुरूची फांदी आणतात, दिसते छान पण ती पटकन वाळते, म्हणून तिच्यावर खरी मेणबत्ती अजिबात नको आणि जुनी गरम होणारी बल्बची माळ पण नको, एलईडीच घ्या. माळ आधी जमिनीवर पसरून पेटवून बघा, मग बुंध्याकडून वर गुंडाळत न्या, थोडी फांद्यांच्या आतही घाला, नुसती बाहेरून गुंडाळली तर झाड सपाट दिसतं. एका एक्स्टेंशनवर चार-पाच माळा नकोत, आणि झोपताना स्विच बंद.

मागच्या वर्षीची माळ अर्धीच लागत असेल तर टाकून देऊ नका, घेऊन या, बऱ्याचदा एखादी वायर सुटलेली असते, तुमच्यासमोरच जोडून देऊ.