ब्लॉक कोपॉलिमर : दोन पद्धतींचा सांधा आणि ‘जिवंत’ शब्दाचा घोळ

ब्लॉक कोपॉलिमर म्हणजे वेगवेगळ्या मोनोमरचे (साखळीत जोडल्या जाणाऱ्या लहान रेणूंचे) खंड एकाच साखळीत एकापुढे एक जोडलेले पॉलिमर. ऋणायनी मार्गाने, म्हणजे टोकावर ऋणभार ठेवून, वाढणारी पॉलिस्टायरिनची साखळी स्टायरिन संपल्यावरही मरत नाही, आणि आयसोप्रीन घातल्यास त्याच टोकापासून पुढे वाढते, हे 1956 साली दाखवले गेले आणि ‘जिवंत’ हे विशेषण रूढ झाले. दशकभरात स्टायरिन-ब्युटाडाईन-स्टायरिन हे रबरासारखे पॉलिमर बाजारात आले. मात्र या मार्गाला मोजकेच मोनोमर मानवतात. आयसोब्युटिलीनला धनायनी (धनभारित टोकाचा) मार्ग लागतो, व्हिनाइल अॅसिटेटला मुक्त मूलक (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारे टोक), तर लॅक्टाइडचे वलयच उघडावे लागते. असे भिन्न प्रकृतीचे खंड एकाच साखळीत हवे असतील, तर मध्येच पद्धत बदलणे भाग पडते. 1970 च्या दशकात टोकावरील ऋणायनाचे धनायनात किंवा मूलकात रूपांतर करण्याचे प्रयत्न झाले. पण रूपांतर अपुरे राही आणि पहिल्या खंडाच्या सुट्या साखळ्या उत्पादनात उरत.

खरी मोकळीक 1990 च्या दशकात मिळाली. 1993 मध्ये नायट्रॉक्साइड, 1995 मध्ये तांब्यासारख्या धातूंच्या साहाय्याने होणारी हॅलोजनची (क्लोरीन, ब्रोमीन यांची) देवघेव आणि 1998 मध्ये थायोकार्बोनिल संयुगे यांच्या आधारे मूलकांची वाढ आवरता येऊ लागली. धनायनी मार्गाने केलेल्या पॉलिस्टायरिनच्या टोकावरील क्लोरीन पुढच्या मूलक टप्प्याला जसाच्या तसा चालतो. पॉलिआयसोब्युटिलीनच्या टोकाला मात्र आधी स्टायरिनचे थोडे घटक जोडून घ्यावे लागतात, कारण त्याच्या स्वतःच्या टोकावरील क्लोरीन या कामी फारसा उपयोगी पडत नाही. 1998 मध्येच एका रेणूत दोन आरंभक (साखळीची वाढ सुरू करणारे गट) बसवून वलय उघडणारी आणि मूलकांची अशा दोन्ही वाढी साधण्यात आल्या, म्हणजे मधले रूपांतरच टळले.

घोळ झाला तो नावाचा. या नव्या पद्धतींना कुणी ‘जिवंत’ म्हणे, कुणी ‘नियंत्रित’, तर कुणी ‘जिवंत’ हाच शब्द अवतरणात टाकून जबाबदारी झटके. जिवंत म्हणजे साखळीची वाढ मध्येच न संपणारी, ही मूळ व्याख्या. मूलक मात्र एकमेकांशी भिडून थोडेफार संपतातच. 2000 साली एका नियतकालिकाने या वादासाठी मोठी जागा दिली. अखेर नामकरणाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2010 मध्ये दोन्ही जुनी नावे टाळण्याची शिफारस करून ‘प्रत्यावर्ती निष्क्रियतेचे मूलक पॉलिमरीकरण’ अशा अर्थाचे नाव सुचवले. ते अचूक आहे, परंतु उच्चारताना धाप लागते, आणि जुनी नावे निबंधांतून काही हटलेली नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते शिफारसीची बाजू बरोबर होती, कारण पद्धती जोडणाऱ्याला विशेषणापेक्षा शंभरांपैकी किती टोके पुढच्या टप्प्यासाठी शिल्लक आहेत, हा आकडा हवा असतो; ‘जिवंत’ म्हटले की तो विचारलाच जात नाही. मेलेली टोके लपत मात्र नाहीत: दुसरा खंड वाढवल्यानंतर रेणुभार मोजणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या आलेखात कमी रेणुभाराच्या बाजूला ती खांद्यासारखी उठून दिसतात.