प्रयासाची जाणीव (लांब पल्ल्याची धाव)

धावताना शरीराला किती कष्ट पडत आहेत याचा धावपटूला आतून येणारा अंदाज म्हणजे प्रयासाची जाणीव. श्वासाची गती, पायांचा जडपणा, अंगातली उष्णता आणि ‘हा वेग आणखी किती वेळ झेपेल’ हा मनातला हिशेब यांतून ती घडते. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तिला आकड्यांत बसवले. त्यांची मूळ पट्टी ६ ते २० अशी आहे. अंकाची दहापट केली की निरोगी तरुणाच्या नाडीचे ठोके साधारण कळावेत, ही त्यामागची कल्पना. मैदानावर ० (विश्रांती) ते १० (कमाल जोर) ची पट्टी सोयीची पडते; पुढचे सगळे अंक तिचेच आहेत.

मराठवाड्यात अनेक तरुण पोलीस किंवा सैन्यभरतीच्या निमित्ताने धावू लागतात. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. शास्त्राच्या भाषेत ही मध्यम पल्ल्याची अंतरे. पण त्यासाठी लागणारा दम लांब पल्ल्याच्या सरावातूनच येतो, म्हणून त्यांचा विचार इथेच करावा लागतो.

पट्टी शिकण्याची सोपी कसोटी बोलण्याची आहे. ३–४ अंकांवर सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता येतात, अभंगाचे एक चरण न तुटता म्हणता येते. ५–६ वर तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. ८ च्या वर ‘हो-नाही’पलीकडे काही निघत नाही. आठवड्यातून सहा दिवस धावणाऱ्याने चार दिवस ३–४ वर आणि दोनच दिवस ७–८ वर धावावे. प्रत्यक्षात रोज स्टॉपवॉच लावून टायमिंग काढले जाते. मग हलका दिवस ६ वर जातो, थकलेल्या पायांनी जोराचा दिवसही ६–७ च्या पुढे सरकत नाही, आणि टायमिंग आठवडेच्या आठवडे एकाच आकड्यावर अडकते. दोष जिद्दीला दिला जातो. जिद्द भरपूर असते. ती चुकीच्या दिवशी खर्च होते. खरे तर गटातली पोरे पुढे निघून जात असताना ४ वर टिकून राहणे हीच मनाची अवघड परीक्षा आहे.

जोराच्या दिवशी ४०० मीटरचे सहा राउंड, मध्ये दोन मिनिटे चालणे, असा सराव घेता येतो. १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत हवे असतील तर राउंड साडेसत्याहत्तर सेकंदांचा पडतो. पहिला राउंड ६ वाटावा, शेवटचा ८–९. पहिलाच ८ वाटला तर ठरवलेला वेग आजच्या शरीरासाठी जास्त आहे. तो दोन सेकंदांनी उतरवावा, राउंड गाळू नयेत.

चाचणीच्या दिवशी बिघाड बहुधा तिसऱ्या राउंडला होतो. सुरुवातीची गर्दी आणि जोश यांमुळे पहिला राउंड ७०–७१ सेकंदांत जातो, तेव्हा तो सोपाही वाटतो. त्याची किंमत ८०० मीटरनंतर कळते: खांदे कानांकडे चढतात, मुठी आवळतात, लक्ष घड्याळाकडे जाते. यासाठी तिसऱ्या राउंडचे काम आधीच ठरवून ठेवावे. खांदे सोडणे, हात मागे नेणे, पुढच्या धावपटूच्या कमरेवर नजर. मनात म्हणायचे शब्द छोटे आणि कृतीचे असावेत. ‘हात मार’ उपयोगी पडते, ‘हरायचे नाही’ तितके नाही. हे शब्द सरावातच घोटावे लागतात.

पुढे कोणी नसताना आतला अंदाजच वेग ठरवतो. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याची शर्यत) बहुतांश अंतर एकट्याने आघाडीवर राहून ८ मिनिटे १९.५० सेकंदांत जिंकली. त्याआधी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांचे सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले होते.

उन्हाळ्यात घड्याळावर विसंबू नये. रक्ताचा काही भाग अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे वळतो, त्यामुळे त्याच वेगाला नाडी वाढते आणि ४ चा वेग ६ वाटू लागतो. एप्रिल-मेमध्ये सराव सूर्योदयापूर्वी सुरू करून वेग नव्हे, अंक पाळावा. शरीर उन्हाला सरावायला दहा ते चौदा दिवस घेते. पावसाळ्यात काळ्या मातीची चिकटण बुटाला बसते, तेव्हाही हाच नियम. शक्यतो मुरमाच्या रस्त्यावर जावे.

मनाचा थकवाही अंक वाढवतो. व्यायामशास्त्राचे संशोधक सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगात दीड तास एकाग्रतेचे काम केलेले लोक सायकलवर लवकर थांबले, पण हृदय आणि स्नायूंच्या मोजमापांत त्याचे कारण सापडले नाही. त्यांना कष्टच सुरुवातीपासून जास्त वाटत होते. दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्याने संध्याकाळी जोराचा सराव ठेवू नये, तो सकाळी उरकावा.

प्रयास आणि इजा यांत गल्लत करू नये. दोन्ही मांड्यांत सारखी आग, धाप, पोटऱ्यांचा जडपणा हा प्रयास. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारी टोचणी, नडगीच्या हाडावर दाबल्यावर कळ, किंवा लंगडत पडणारे पाऊल दिसले की त्याच क्षणी थांबावे. गरगरणे, बोलण्यात गोंधळ, उन्हात अंगावर काटा येणे यांतही सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे. बोलण्यात गोंधळ असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर पाणी ओतत असतानाच दवाखान्यात नेण्याची व्यवस्था करावी.

सरावाच्या वहीत अंतर आणि वेळेसोबत अंक लिहावा. मिनिटे गुणिले अंक हा त्या दिवसाचा भार: ४५ मिनिटे ४ वर म्हणजे १८०. सोयाबीन काढणीचे किंवा ऊसतोडीचे दिवसही याच वहीत मांडावेत, कारण शरीर दोन्हींचा हिशेब एकत्रच ठेवते. सराव संपल्यावर लगेच नव्हे, साधारण अर्ध्या तासाने अंक लिहावा. शेवटच्या राउंडची धाप ताजी असताना तो फुगतो.