कादंबरीवर बोलणं वेगळं, प्रश्नावर भांडणं वेगळं

विडी वळणाऱ्या बाईवरची एखादी कादंबरी सोलापुरात चार जणांनी वाचली की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. कुणी त्या कादंबरीबद्दल बोलू लागतं, कुणी विडीच्या धंद्याबद्दल. माणसं तीच, शब्द तेच, आवाजही सारखेच चढलेले. थोड्याच वेळात कोण कशाबद्दल बोलतंय ते कळेनासं होतं आणि शेवटी कादंबरीही नीट वाचली जात नाही, प्रश्नही तसाच राहतो. वाचक मंडळाच्या बैठकीत हे घडतं, मोबाइलवरच्या गटात तर रोजच घडतं. मला दोन्ही बोलणी हवीशी वाटतात, म्हणून त्यांच्यातला फरक लिहून ठेवतोय.

समजा, कादंबरी अशी आहे. सोलापूरच्या पूर्व भागातलं, विणकर वस्तीतलं घर. नवऱ्याचा माग बंद पडलाय. आई दहावीतल्या पोरीला शाळेतून काढते आणि विड्या वळायला सुपासमोर बसवते. सगळी गोष्ट आईच्या नजरेतून येते, आणि लेखक कुठेही ‘हे चुकलं’ असं म्हणत नाही. लगेच पहिला आक्षेप येतो: ‘लेखकानं मुलींचं शिक्षण बंद करण्याचं समर्थन केलंय.’

हे खरं की खोटं, ते ठरवायला पुस्तकातच जावं लागतं. समजा, त्यात असा एक परिच्छेद आहे: पोरगी कात्रीनं तेंदूचं पान कापतेय, आई तिच्या बोटांकडे बघतेय, पान सुबक निघालं म्हणून तिला बरं वाटतंय, आणि त्याच ओळीत तिनं सकाळी पोरीचं दप्तर माळ्यावर, पोरीचा हात पोचणार नाही इतक्या आत सरकवलेलं आहे. आईला जे स्वतःशीही बोलायचं नाही, ते लेखकानं दप्तराकडून बोलवून घेतलंय. हा परिच्छेद दाखवला की ‘समर्थन’ हा शब्द टिकत नाही. दुसरा वाचक म्हणेल, पुढच्या दोनशे पानांत पोरीच्या मनात काय चाललंय ते एकदाही येत नाही, तिला लेखकानं नुसती बसवून ठेवलीय. हाही खणखणीत आक्षेप आहे, कारण तोही पानं उलटूनच घेतलेला आहे. पात्राचं मत, निवेदकाचं मत आणि लेखकाचं मत या तीन वेगळ्या गोष्टी असतात. त्यांच्यातलं अंतर मोजणं हे कादंबरीवरच्या चर्चेतलं निम्मं काम.

आता दुसरं बोलणं. घरी विडी वळण्याचा हा धंदा चालू राहावा का, आणि राहिला तर कसा? इथे दप्तराचा परिच्छेद कामाचा नाही. इथे मजुरी दर हजार विड्यांवर मोजली जाते हे माहीत लागतं. तपासणीत खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचं नुकसान कुणाच्या माथी बसतं, हे विचारावं लागतं. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली वेगळा कायदा झाला; १९७६ च्या कायद्यांनी विडीवर उपकर बसवून त्यातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्यांची सोय केली; २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. तंबाखूच्या पाकिटावर दोन्ही बाजूंनी ८५ टक्के जागेत धोक्याची सूचना छापावी लागते, ती योग्यच आहे, कारण तंबाखू माणसं मारतो. आणि तीच तंबाखू दिवसभर हाताळणाऱ्या बाईचं घर त्या मजुरीवर चालतं. दोन्ही बाजूंना खरा भार असलेला हा वाद आहे. तो सोडवायचा तर मजुरीची पावती, कायद्याचं कलम, दवाखान्याची नोंद, आणि मुख्य म्हणजे त्या बायका स्वतः समोर लागतात.

म्हणजे फरक पहिल्यांदा पुराव्यात आहे. एका ठिकाणी तो पुस्तकाच्या आत आहे, दुसऱ्या ठिकाणी बाहेर. ओळखायची साधी खूण अशी: समोरचा जे बोलतोय ते पुस्तक न वाचताही बोलता आलं असतं का? आलं असतं, तर तो प्रश्नावर बोलतोय. बोलू द्यावं, पण त्याला कादंबरीवरची टीका समजू नये.

दुसरा फरक शेवटाचा. कादंबरीवरची चर्चा निकालाशिवाय उठली तरी काही बिघडत नाही. दोन वाचक दोन अर्थ घेऊन घरी गेले, दहा वर्षांनी तेच पुस्तक उघडून तिसऱ्याच अर्थाला आले, तर पुस्तक जिवंत आहे. सामाजिक प्रश्नाला ही चैन नसते. तिथे कुणीतरी काहीतरी ठरवावं लागतं, नाहीतर ज्याचं नुकसान चाललंय त्याचं चालूच राहतं. सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या रेनगर या वसाहतीत जानेवारी २०२४ मध्ये असंघटित कामगारांना पहिल्या १५,००० घरांचा ताबा मिळाला. त्यामागे कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकारानं कामगारांनी वर्षानुवर्षं लावून धरलेली मागणी होती. वादातून असं काहीतरी हाताला लागावं लागतं. कादंबरीकडून घर मागू नये.

गल्लत झाली की किती महाग पडते, त्याचं उदाहरण तामिळनाडूत आहे. पेरुमाळ मुरुगन यांची ‘मादोरुबागन’ ही कादंबरी २०१० साली आली. मूल नसलेल्या एका जोडप्याची ती गोष्ट, तिरुचेनगोडच्या परिसरातली. चार वर्षांनी काही लोकांनी ती आपल्या गावावरचा आणि बायकांवरचा आरोप म्हणून वाचली, निदर्शनं झाली, बंद पुकारला गेला. जानेवारी २०१५ मध्ये प्रशासनानं बोलावलेल्या बैठकीनंतर मुरुगन यांनी आपल्यातला लेखक मेला असं जाहीर केलं. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला, तेव्हा ते पुन्हा लिहू लागले. जोडप्याचं दुःख आणि मुलासाठी नातेवाइकांनी केलेला छळ हा त्या पुस्तकाचा गाभा. त्यावर त्या गदारोळात कुणाला बोलायला सवडच नव्हती. मूल न होणाऱ्या बाईला समाज कसा वागवतो, हा प्रश्नसुद्धा बाजूलाच पडला. दोन्ही बोलणी बुडाली.

आत्मकथनाची गोष्ट मात्र निराळी, आणि आपल्या जिल्ह्यात ती टाळता येणार नाही. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये आलं. ते दलित आत्मकथन आहे. तिथे लेखक ‘हे माझ्यावर गुदरलं’ म्हणतो आणि त्या शब्दाला साक्षीचं वजन असतं. ते वाचून जातीवर बोलू नका असं कुणी म्हणत असेल तर तो वाचकाला पळवाट देतोय. त्याच लेखकाच्या ‘सनातन’ या कादंबरीला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. ती कादंबरी आहे, तेव्हा तिथे रचना, निवेदन, काळ यांचे प्रश्न आधी विचारावे लागतात. एकाच लेखकाची दोन पुस्तकं, पण वाचकानं त्यांच्यासमोर दोन वेगळ्या तयारीनं बसायला हवं.

दोन्ही बोलणी एकमेकांना शिवतच नाहीत, असं मात्र मी म्हणणार नाही. एका जागी तर ती एकच होतात: पात्राच्या भाषेत. पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाच्या, घरात तेलुगू बोलतात, बाजारात मराठी, शेजारी कन्नड किंवा उर्दू. अशा घरातली बाई कादंबरीत अथपासून इतिपर्यंत पुण्याच्या पाठ्यपुस्तकासारखी बोलत असेल, तर ते वाङ्मयीन अपयश आहे, कारण पात्र उभंच राहत नाही. आणि तो सामाजिक अन्यायही आहे, कारण तिचं बोलणं लेखकानं ऐकण्याच्या लायकीचं मानलं नाही. असला आक्षेप कुणी घेतला तर त्याला ‘हा साहित्याचा मुद्दा नाही’ म्हणून गप्प बसवणं चूक आहे. तो सगळ्यात जास्त साहित्याचा मुद्दा आहे.

म्हणून बैठकीत मी एवढंच सुचवतो: आधी पुस्तक उघडं ठेवून बोलू, ज्याला जे म्हणायचं त्यानं पान दाखवावं. मग पुस्तक मिटू आणि विडीवर बोलू, आणि त्या वेळी विडी वळणारी बाई बैठकीत असावी. तिनं कादंबरी वाचलेली नसली तरी चालेल. तिथे कादंबरीचा आधार एका गोष्टीसाठी जरूर घ्यावा: शाळेतून काढलेल्या मुलींच्या आकड्यात जे येत नाही, म्हणजे दप्तर माळ्यावर टाकणाऱ्या आईला काय होतं, ते तिनं दाखवलेलं असतं. अशा आया किती आहेत, ते मात्र शाळांच्या पटावरूनच मोजावं लागेल.