ओव्हरक्लॉकिंग प्रोफाइल बदलल्यावर येणाऱ्या बूट अडचणी

प्रोसेसर आणि रॅम त्यांच्या प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी लागणाऱ्या सेटिंग्ज एकत्र जतन केल्या, की त्या संचाला ओव्हरक्लॉकिंग प्रोफाइल म्हणतात. एक प्रोफाइल काढून दुसरे लावले की कधी पडदा काळाच राहतो, कधी संगणक आपोआप बंद-चालू होत राहतो, तर कधी विंडोज अर्ध्यावर अडकते. अशा वेळी बहुतेकांचा संशय थेट वेगावर जातो. प्रत्यक्षात प्रोफाइलमध्ये वेगाबरोबर इतरही बरेच काही बदलते. त्यामुळे संगणक नेमका कोणत्या टप्प्यावर थांबला हे आधी पाहिले, तर निम्मे काम तिथेच होते.

प्रोफाइल तीन ठिकाणी असू शकते. पहिले रॅमच्या पट्टीवरच्या छोट्या चिपमध्ये. इंटेलने २००७ मध्ये आणलेले एक्सएमपी आणि एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० या प्रोसेसर-मालिकेबरोबर आणलेले एक्स्पो ही याची उदाहरणे. दुसरे बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या, विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, वापरणाऱ्याने स्वतः नाव देऊन साठवलेले. तिसरे विंडोजमधल्या रायझन मास्टर किंवा इंटेल एक्सटीयू यांसारख्या प्रोग्रॅममध्ये. या तिघांची दुखणी वेगळी आहेत.

पट्टीवरचे प्रोफाइल लावल्यावर सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो मेमरी ट्रेनिंगमुळे. संगणक चालू होताच प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर रॅममध्ये ठरावीक नमुने लिहून परत वाचतो. संकेत नेमका कोणत्या क्षणी वाचायचा आणि किती व्होल्टेजला शून्य व किती व्होल्टेजला एक मानायचे, हे तो त्यावरून ठरवतो. हा निष्कर्ष साठवून पुढच्या वेळी वापरता येतो. पण प्रोफाइल बदलले की वेग आणि टायमिंग (रॅमच्या कामांमधली ठरावीक अंतरे) बदलतात, जुना निष्कर्ष निरुपयोगी ठरतो आणि सगळी मोजणी नव्याने करावी लागते. रॅमच्या जुन्या डीडीआर४ पिढीत हे बहुधा काही सेकंदांत उरकते. नव्या डीडीआर५ मध्ये, विशेषतः एएमडीच्या एएम५ (रायझन ७००० साठीचे सॉकेट) मदरबोर्डांवर जास्त क्षमतेची रॅम असेल, तर कित्येक मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ पडदा काळा असतो, पंखे फिरत असतात आणि बोर्डावरचा डीरॅम नावाचा दिवा जळत असतो. संगणक बिघडला असे समजून पॉवरचे बटण दाबून धरणे हीच इथली सर्वांत मोठी चूक, कारण ट्रेनिंग अर्धवट तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नवे प्रोफाइल लावल्यावर निदान दहा मिनिटे त्याला हात लावू नये.

ट्रेनिंग जमले नाही तरी बहुतेक बोर्ड स्वतःच मागे येतात. दोन-चार वेळा बंद-चालू होऊन ते रॅम प्रमाणित वेगावर आणतात आणि ओव्हरक्लॉकिंग फसल्याचा संदेश दाखवतात. काही बोर्ड मात्र असा संदेश न देताच मागे येतात, आणि वापरणारा महिनोन्‌महिने डीडीआर४-३६०० ची रॅम २१३३ वर (हे आकडे रॅमच्या वेगाचे, एमटी/सेकंदमध्ये) चालवत राहतो. म्हणून बूट झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग पाहावा.

बोर्ड मागे आलाच नाही, तर सीमॉस क्लिअर करावे लागते, म्हणजे बायॉसच्या साठवलेल्या सेटिंग्ज पुसाव्या लागतात. एसएमपीएसचे (वीज पुरवणाऱ्या पेटीचे) बटण बंद करून वायर काढावी आणि कॅबिनेटवरचे पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला विद्युतभार उतरवावा. मग बोर्डावरच्या सीमॉसच्या दोन पिना काही सेकंद जोडाव्यात. असुसच्या बोर्डांवर त्यांच्याजवळ सीएलआरटीसी, तर एमएसआयच्या बोर्डांवर जेबॅट१ असे छापलेले असते. महागड्या बोर्डांवर यासाठी मागच्या बाजूला वेगळे बटण असते. पिना सापडत नसतील, तर सीआर२०३२ सेल काही मिनिटे काढून ठेवला तरी सहसा चालते. त्यानंतरही संगणक उठत नसेल, तर एकच पट्टी ठेवून पाहावे. बहुतेक बोर्डांवर ती प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या खाचेत लावतात.

पट्ट्यांची संख्या हे अपयशाचे एक मोठे आणि दुर्लक्षित कारण आहे. रायझन ७००० साठी एएमडीची अधिकृत मर्यादा दोन पट्ट्यांना ५२०० आहे, पण चार पट्ट्यांना फक्त ३६००. रॅमच्या खोक्यावर छापलेला ६००० हा आकडा त्या खोक्यातल्या पट्ट्यांपुरता असतो. दोन पट्ट्यांचे दोन संच वेगवेगळे विकत घेऊन चारही खाचा भरल्या, तर तेच प्रोफाइल चालेल याची हमी कोणी देत नाही. अशा वेळी टायमिंगशी झटापट करण्यापेक्षा वेग एक-दोन पायऱ्या उतरवणे शहाणपणाचे.

बायॉसमध्ये साठवलेल्या प्रोफाइलची गोष्ट वेगळी आहे. ते लावले की निर्मात्याचा लोगो येतो, बायॉसही उघडतो, पण विंडोज सुरू होत नाही. इथे बहुधा रॅमचा दोष नसतो. प्रोफाइल जतन करताना बोर्ड बहुधा बायॉसच्या त्या दिवशीच्या सगळ्याच सेटिंग्ज साठवतो. त्यात साटाची (डिस्क जोडणीची) पद्धत, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय), सिक्युअर बूट (फक्त विश्वासू प्रोग्रॅमने बूट होऊ देणे), टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) आणि बूटचा क्रम हे सगळे येते. जुन्या प्रोफाइलमध्ये साटा एएचसीआय या साध्या पद्धतीवर असेल आणि विंडोज नंतर रेड किंवा व्हीएमडी या डिस्क हाताळण्याच्या दुसऱ्या पद्धतीत टाकले असेल, तर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी निळी पाटी येते. त्यात टीपीएम बंद असेल, तर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की माहीत नसेल, तर डिस्कवरचा सगळा डेटा शाबूत असूनही हाती लागत नाही. या सगळ्या प्रकारातला हाच खरा धोका आहे. बाकीची बहुतेक संकटे वेळ खातात, हे कायमचे नुकसान करू शकते. म्हणून प्रोफाइल बदलण्याआधी ही की कागदावर उतरवावी आणि बायॉसच्या प्रत्येक पानाचा फोटो घ्यावा. अनेक बोर्डांवर पेनड्राइव्ह लावून एफ१२ दाबले तरी चित्र साठवले जाते. सीमॉस क्लिअर केल्यानेही याच सेटिंग्ज मूळ स्थितीत जातात, हे विसरू नये.

बायॉस अपडेट केल्यावर जुनी प्रोफाइल बहुधा पुसली जातात. पेनड्राइव्हवर ठेवलेले जुने प्रोफाइल नव्या आवृत्तीत लावणेही टाळावे, कारण सेटिंग्जची रचना बदललेली असू शकते. आकडे समोर ठेवून ते हाताने पुन्हा भरणे कंटाळवाणे असले, तरी सुरक्षित तेच.

काही संगणक दिवसभर नीट चालतात आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना अडतात. रात्री भिंतीवरचे बटण बंद करण्याची आपल्या घरांतली सवय इथे आड येते. वीज असेपर्यंत बोर्डाला एसएमपीएसकडून थोडा प्रवाह मिळत राहतो. ती तोडली की सगळी भिस्त सीआर२०३२ सेलवर. तो उतरलेला असेल, तर घड्याळ मागे पडते आणि अनेक बोर्डांवर सेटिंग्जही जातात. दुसरे कारण मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर. हे सेटिंग आधीच्या ट्रेनिंगचा निष्कर्ष पुन्हा वापरून वेळ वाचवते, पण प्रोफाइल अगदी काठावरचे असेल, तर तापलेल्या संगणकावर काढलेला निष्कर्ष थंड संगणकाला जुळत नाही. प्रोफाइल बदलताना ते बंद ठेवावे आणि सगळे स्थिरावल्यावर सुरू करावे.

विंडोजपर्यंत पोहोचून मग कोसळणाऱ्या संगणकाबाबत विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या व्हीया-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी पाहाव्यात. रायझनच्या कर्व्ह ऑप्टिमायझर या व्होल्टेज ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये व्होल्टेज फार खाली आणले असेल, तर जड चाचणीत तगून राहिलेला संगणक काही काम नसताना किंवा बूट होतानाच कोसळतो. तेव्हा प्रोसेसरचा एकच गाभा (कोअर) सर्वाधिक वेगाने पळत असतो आणि त्याच वेगाला व्होल्टेज अपुरे पडते. रॅमच्या चुका जास्त घातक, कारण त्या डिस्कवर लिहिल्या जातात. म्हणून नव्या प्रोफाइलवर विंडोज उघडण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ चालवावे. फाइली आधीच बिघडल्या असतील, तर प्रोफाइल मागे घेतल्यानंतरच एसएफसी या विंडोजच्या फाइल-दुरुस्ती साधनाने दुरुस्ती करावी. अस्थिर रॅमवर केलेली दुरुस्ती विश्वासाची नसते.

विंडोजमधल्या प्रोग्रॅमची प्रोफाइल तुलनेने सौम्य असतात. एखादे प्रोफाइल सुरुवातीलाच लागून संगणक पाडत असेल, तर सेफ मोडमध्ये जाऊन तो प्रोग्रॅम काढावा.

व्होल्टेजबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. बूट होत नाही म्हणून व्होल्टेज वाढवत जाण्याचा मोह होतो. २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या घटना समोर आल्या. एक्स्पो लावल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारे) आपोआप फार वर नेत होते. त्यानंतर एएमडीने नव्या बायॉसमध्ये या व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्याआधीचा बायॉस अजून बोर्डावर असेल, तर एक्स्पो लावण्यापूर्वी तो अपडेट करावा.