पहिलं पुस्तक स्वतःच काढताय? कोणता अर्ज कधी करायचा आणि कागदपत्रं कोणती लागतात

स्वखर्चानं पुस्तक काढायचं ठरलं की लोक आधी मुखपृष्ठ करून घेतात, मग प्रकाशन सोहळ्यासाठी पाहुणा शोधतात. कागदपत्रांची आठवण होते ती गठ्ठे घरात येऊन पडल्यावर. तोवर एखाद्या योजनेची पात्रता हातची गेलेली असते, कारण यातले काही अर्ज छपाईच्या आधीचेच आहेत. म्हणून इथे सगळं त्याच क्रमानं सांगतो.

छापण्याआधी एकदा थांबा

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. कविता, कथा, कादंबरी, नाटक किंवा एकांकिका, ललितगद्य, बालवाङ्मय अशा प्रकारांतलं हस्तलिखित मंडळाकडे पाठवायचं, तज्ज्ञ ते वाचतात आणि निवड झाली तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. पात्रतेची मुख्य अट एकच: तुमचं याआधी एकही पुस्तक प्रकाशित झालेलं नसावं. म्हणजे हौसेनं शंभर प्रतींची कवितासंग्रहाची पुस्तिका काढून मोकळे झालात, तर तुम्ही नवलेखक उरत नाही. मंडळाचं आवाहन साधारण जानेवारीच्या आसपास येतं. वर्तमानपत्रात आणि मंडळाच्या संकेतस्थळावर ते पाहायचं. नियमावली आणि माहितीपत्रकाचा नमुना त्या वर्षाचाच घ्या, मित्रानं तीन वर्षांपूर्वी भरलेला फॉर्म वापरू नका.

निकालाला वेळ लागतो हे खरं. वडिलांच्या पंचाहत्तरीला पुस्तक हातात हवं असेल तर हा रस्ता तुमचा नव्हे. पण घाई नसेल तर आधी इथे अर्ज करून बघावा असं माझं मत आहे, कारण ही संधी एकदाच मिळते.

आयएसबीएन: फुकट मिळतो, पण कोणाच्या नावानं?

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक. भारतात तो देण्याचं काम दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी करते. ती केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही वेगळी संस्था, तिकडे अर्ज धाडू नका. 2016पासून ही सगळी प्रक्रिया ऑनलाइन आहे आणि क्रमांकासाठी शुल्क नाही. ‘तीन हजारांत आयएसबीएन काढून देतो’ म्हणणारा माणूस तुमच्याकडून फॉर्म भरण्याची मजुरी घेतोय, एवढं लक्षात असू द्या.

पोर्टलवर नोंदणी करताना आधी प्रवर्ग निवडावा लागतो. एकच पुस्तक स्वतःच्या नावानं काढणारा लेखक स्वप्रकाशक म्हणून नोंदतो. ‘अमुकतमुक प्रकाशन’ असं नाव देऊन पुढेही पुस्तकं काढायची असतील तर प्रकाशक म्हणून नोंदणी करावी. तिथे संस्थेची कागदपत्रंही लागतात. लेखकाला तयार ठेवाव्या लागणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत:

- ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा (आधार, पॅन वगैरे)
- चालू असलेला मोबाइल आणि ईमेल
- मुखपृष्ठ आणि शीर्षकपान यांच्या फाइल
- पुस्तकाची माहिती: नाव, भाषा, आवृत्ती, बांधणीचा प्रकार, प्रकाशनाचा अपेक्षित महिना

अर्ज अडकतो तो बहुधा क्षुल्लक गोष्टीवर. आधारवर ‘विठ्ठलराव’, मुखपृष्ठावर ‘विठ्ठल’ आणि अर्जात इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. टोपणनावानं लिहिणाऱ्यांनी अर्जात खरं नाव द्यावं आणि टोपणनाव लेखकनाम म्हणून नोंदवावं. त्रुटी निघाली की ती दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतं. मात्र त्यात आठवडे जातात, म्हणून प्रकाशनाची तारीख क्रमांक हाती आल्यावरच ठरवा.

क्रमांक 13 आकडी असतो. सुरुवातीला 978, मग भारतासाठी 81 किंवा 93. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक यांना प्रत्येकी वेगळा क्रमांक लागतो. काही न बदलता केलेल्या पुनर्मुद्रणाला तोच चालतो, मजकुरात भर घातलेल्या नव्या आवृत्तीला नवा घ्यावा लागतो. मागच्या मुखपृष्ठावरचा बारकोड याच आकड्यांतून तयार होतो, त्यासाठी कुठलं वेगळं सदस्यत्व घ्यावं लागत नाही. दिनदर्शिका, डायरी यांना आयएसबीएन मिळत नाही. दिवाळी अंकासारख्या नियतकालिकाची व्यवस्था निराळी आहे.

‘पॅकेज’ देणाऱ्या कंपन्या आपल्या खात्यातला क्रमांक पुस्तकाला लावतात. मग नोंदीत प्रकाशक म्हणून त्या कंपनीचं नाव येतं. पैसे तुमचे, प्रकाशक ते. पुढे त्यांच्याशी पटलं नाही तर तो क्रमांक घेऊन दुसरीकडे जाता येत नाही. पॅकेज घ्यायचंच असेल तर करारात बघा की हक्क हस्तांतरित होतायत की फक्त छपाईचं काम दिलं जातंय. कॉपीराइट कायद्याच्या 19व्या कलमानुसार हस्तांतरण लेखी आणि सहीचंच असावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. सही करण्याआधी ही दोन वाक्यं करारात शोधा.

श्रेयपान

शीर्षकपानाच्या मागचं पान. डीटीपीवाला ते सगळ्यात शेवटी, मिळेल त्या जागेत बसवतो आणि लेखक ते तपासत नाही. पुढचे सगळे अर्ज मात्र याच पानावर तपासले जातात. त्यावर किमान एवढं हवं: पुस्तकाचं नाव आणि प्रकार, लेखकाचं नाव, हक्क कोणाचे, पहिली आवृत्ती आणि तिचा महिना व वर्ष, प्रकाशकाचं नाव आणि पत्ता, मुद्रकाचं नाव आणि गाव, मुखपृष्ठ कोणाचं, अक्षरजुळणी कोणाची, आयएसबीएन, किंमत.

1867च्या जुन्या मुद्रण कायद्यात मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं छापणं सक्तीचं होतं. त्या जागी 2023चा नवा कायदा आला, 1 मार्च 2024 पासून तो लागू झाला आणि त्यातून पुस्तकं वगळली गेली. तरीही नावं गाळू नका. का, ते टपालाच्या भागात येईलच.

मुखपृष्ठाचं चित्र किंवा फोटो ज्यांचा आहे त्यांच्याकडून लेखी परवानगी घ्या. आतल्या पानावर दुसऱ्या कवीच्या ओळी घालत असाल तर त्यांचीही. आणि अक्षरजुळणी युनिकोडमध्ये आहे का हे आधी विचारा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली फाइल छापायला उत्तम असते, पण ई-पुस्तक करायची वेळ आली की अख्खा मजकूर रूपांतरित करून नव्यानं मुद्रितशोधन करावं लागतं.

कॉपीराइट नोंदणी ऐच्छिक आहे. हक्क लिहिल्याक्षणी तुमचा होतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. नोंदणी करायचीच असेल तर दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे फॉर्म 14, साहित्यकृतीसाठी 500 रुपये शुल्क. डायरी क्रमांक (अर्जाच्या नोंदीचा क्रमांक) मिळाल्यावर हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. वाद झाला तर पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. पहिल्या कवितासंग्रहाला तिची गरज मला तरी वाटत नाही. पाठ्यपुस्तक किंवा स्पर्धा परीक्षेचं पुस्तक असेल तर जरूर करा.

छापल्यावर 30 दिवसांत चार प्रती

हा नियम स्वप्रकाशकांना सहसा माहीतच नसतो. 1954च्या पुस्तक प्रदान कायद्यानुसार प्रकाशकानं प्रकाशनापासून 30 दिवसांच्या आत स्वतःच्या खर्चानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत पाठवायची असते. शिवाय मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांनाही प्रत्येकी एक. प्रत चांगल्यातली चांगली हवी, डागाळलेली किंवा पानं उलटी बांधलेली नको. दंडाची रक्कम आजच्या हिशेबानं किरकोळ, 50 रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. पण दंडाच्या भीतीपेक्षा फायद्यासाठी पाठवा, कारण या ग्रंथालयांत गेलेली प्रत तुमच्या घरातल्या वाळवीपासून सुरक्षित असते. ग्रंथालयाकडून लेखी पोच मिळते, ती फाइलला लावून ठेवा. बदल न केलेल्या दुसऱ्या आवृत्तीला ही अट नाही.

विक्री: कर, दुकान, टपाल

छापील पुस्तकावर जीएसटी नाही. फक्त करमुक्त वस्तू विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीचीही सक्ती नाही, त्यामुळे ऑनलाइन बाजारपेठांवर केवळ पुस्तकं विकायची असतील तर पॅनवर काम होतं. मात्र छापखान्याच्या बिलात लागलेला जीएसटी तुम्हाला परत मिळत नाही, तो खर्चातच धरा. नफा झाला तर प्राप्तिकराच्या विवरणात दाखवायचा. ‘प्रकाशन’ या नावानं चालू खातं हवं असेल तर बँक व्यवसायाचा पुरावा मागते. मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेला महाराष्ट्रात दुकाने कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणीही मोफत आहे.

किंमत ठरवताना बहुतेकांचा हिशेब चुकतो. समजा, एक प्रत 80 रुपयांत पडली आणि किंमत ठेवली 150. दुकानदार 30 ते 40 टक्के सूट घेतो, वितरक 50पर्यंत मागतो. 50 टक्क्यांनी हातात 75 आले, म्हणजे प्रत्येक प्रतीमागे पाच रुपये तुम्हीच घातले. वाहतूक, भेटप्रती आणि अडकलेली उधारी वेगळीच. वितरकाला माल देताना चलनावर सही-शिक्का घ्या आणि ‘विकल्यावर पैसे’ असेल तर हिशेबाची तारीख लिहून घ्या.

टपालाची जुनी बुकपोस्ट सवलत डिसेंबर 2024मध्ये बंद झाली, तेव्हा घरून पुस्तकं पाठवणाऱ्यांची पंचाईत झाली होती. 1 मे 2025पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 500 ग्रॅमपर्यंत 25, एक किलोपर्यंत 35 आणि कमाल पाच किलोला 100, अधिक कर. पाकिटाचा माग काढता येतो, पण ते जमिनीवरून जातं, त्यामुळे थोडा उशीर धरा. 160 पानांचं डेमी आकाराचं, 70 जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागदावरचं पुस्तक पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम भरतं, म्हणजे वेष्टणासकट पहिल्याच टप्प्यात बसतं. 200 जीएसएमचे रंगीत फोटो कोंबले की टप्पा बदललाच. या सेवेची एक अट अशी की पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असलं पाहिजे. जाहिराती असलेला मजकूर आणि नियतकालिकं यात चालत नाहीत. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला योजना ठाऊक नसेल तर ‘ज्ञान पोस्ट’ हे नाव स्पष्ट घ्या, नाहीतर साध्या पार्सलचा दर लागतो.

ग्रंथालयांची यादी आणि राज्य पुरस्कार

मराठी पुस्तकाला खात्रीचं गिऱ्हाईक म्हणजे गावोगावची सार्वजनिक ग्रंथालयं. ती अनुदानातून खरेदी करताना शासनमान्य ग्रंथांची यादी बघतात. ग्रंथालय संचालनालय आधीच्या कॅलेंडर वर्षात प्रकाशित झालेल्या पहिल्या आवृत्त्या या यादीसाठी मागवतं. प्रत विनामूल्य द्यायची. लेखकाला स्वतःलाही ती पाठवता येते, मोठा प्रकाशक पाठीशी लागत नाही.

स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत ‘प्रथम प्रकाशन’ असा खास विभाग आहे. काव्यासाठी बहिणाबाई चौधरी, कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे, लघुकथेसाठी ग. ल. ठोकळ, ललितगद्यासाठी ताराबाई शिंदे यांच्या नावानं 50 हजार रुपयांचे पुरस्कार दिले जातात. 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या काळात निघालेली पहिली आवृत्ती पात्र ठरते. प्रवेशिका साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या मुंबई कार्यालयात आणि बाहेरगावच्या लेखकांना जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतात. वर्ष कुठलं, हे श्रेयपानावरून ठरतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुस्तक छापून होत असेल आणि सोहळा फेब्रुवारीत असेल, तर पानावर जानेवारी छापा. डिसेंबर छापलात तर प्रवेशिकेसाठी जेमतेम काही आठवडे मिळतात, आणि ते चुकले की त्याच पुस्तकाला पुढच्या वर्षी प्रवेश नसतो.