शेवंडाचं शेपूट आणि घोडेस्वाराची मांडी

कोळंबी सोलताना एकदा मध्येच थांबून तिची पाठ नीट बघा. कवच टणक आहे, पण एकसंध नाही. एकेक कडं शेजारच्या कड्यावर थोडं चढलेलं असतं आणि आतून पातळ, लवचीक त्वचा त्यांना धरून ठेवते. म्हणून शेपूट वळतं, पण फट पडत नाही. युरोपातल्या चिलखत घडवणाऱ्या लोहारांनी हेच पोलादात साधलं होतं.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या जड घोडदळातले स्वार, म्हणजे क्विरॅसिअर, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत चिलखतात असत. गुडघ्याखाली जाड चामड्याचे बूट. खरी अडचण होती मांडीची. खोगिरावर बसलं की मांडी पुढे येते. तिच्यावर एकच लांब पत्रा असता तर त्याची वरची कड पोटात रुतली असती. म्हणून छातीच्या पत्र्याखालून गुडघ्यापर्यंत अरुंद आडव्या पट्ट्या सोडत, छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या. मांडीची मागची बाजू मात्र उघडी, कारण तिथे खोगीर.

या पट्ट्या आतून चामड्याच्या बंदांवर रिवेटने ठोकलेल्या असत. कडेला सरकते रिवेट: एका पट्टीत रिवेट घट्ट, दुसरीत त्याच्यासाठी लांबट खाच. पट्टी हलली की रिवेट खाचेतून सरकतो आणि टोकाला पोचला की अडतो. खाच आखूड झाली तर स्वार अवघडणार. गरजेपेक्षा लांब झाली तर दोन पट्ट्यांमध्ये उघडी मांडी दिसणार. काही मिलिमीटरांचा हा हिशेब मला या साऱ्या कारागिरीतला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

मानेसाठीही तीच युक्ती. ऑटोमन तुर्कांच्या शिरस्त्राणावरून मध्य युरोपाने एक घाट उचलला. पोलंडमध्ये त्याला ‘शिशाक’ म्हणत. मागे मानेवर उतरणाऱ्या पट्ट्यांमुळे इंग्रजांना त्यात शेवंडाचं, म्हणजे कोळंबीच्या मोठ्या भाऊबंदाचं (लॉबस्टरचं), शेपूट दिसलं.

छातीवर मात्र जाड, अखंड पत्रा. त्यावर पिस्तुलाची गोळी झाडून बघत आणि उमटलेला पोचा गिऱ्हाइकाला खात्री म्हणून दाखवत. पण मस्केटच्या, म्हणजे पायदळाच्या लांब नळीच्या बंदुकीच्या, गोळीचा नळीतून सुटतानाचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या पुढे. तिला जवळून अडवायचं तर पत्रा आणखी जाड हवा, आणि ते ओझं स्वार आणि घोडा दोघांवर.

इंग्लंडच्या यादवी युद्धात संसदेच्या बाजूने लढणाऱ्या सर आर्थर हेझलरिगच्या पलटणीला लोक ‘शेवंडं’च म्हणत. १३ जुलै १६४३ रोजी राउंडवे डाउनच्या लढाईत ही पलटण उधळली गेली. पळणाऱ्या हेझलरिगला राजाच्या स्वारांनी गाठलं, अगदी जवळून पिस्तुलं झाडली, तलवारी चालवल्या. चिलखत भेदलं नाही. अखेर त्यांनी त्याच्या घोड्यावर वार केले. तो शरण जाणार, एवढ्यात त्याच्याच माणसांनी त्याला सोडवलं.

पुढे मांडीच्या पट्ट्या गेल्या. छाती-पाठीचे पत्रे आणि शिरस्त्राण तेवढं उरलं. त्यातही स्वस्त इंग्रजी शिरस्त्राणांचं शेपूट एकाच पत्र्याचं असे. लोहार त्यावर आडव्या रेघा उठवी. लांबून पट्ट्या वाटत, पण त्यातली एकही हलत नसे.